मोटरची पतमर्यादा

बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या आमच्या सात मजली इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदारपद माझ्याकडे आले. हिशेबाची मला भीती नव्हती. पंपघरात मात्र मी अनभिज्ञच होतो. त्या अज्ञानाची किंमत संस्थेला मोजावी लागली, म्हणून हा अनुभव लिहून ठेवतो.

मुंबईला 1892 पासून पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाचे पाणी शहरापर्यंत उताराच्या बळावर येते. इमारतीच्या तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीपर्यंतचे सात मजले मात्र पाण्याला पंपानेच चढवावे लागतात. आमच्या पंपाची मोटर 5 अश्वशक्तीची, तीन फेजची. पूर्ण भाराला 7.5 अँपिअर, असे तिच्या पाटीवर कोरलेले आहे. एका मे महिन्यात ती अर्ध्या तासात आपोआप बंद पडू लागली. पहारेकरी थोडे थांबून बटण दाबी; ती चाले आणि पुन्हा थांबे. वरच्या मजल्यांवरून तक्रारी सुरू झाल्या. वायरमनने मीटर लावून पाहिले, तर मोटर 9 अँपिअर घेत होती. मी त्याला म्हणालो, “स्टार्टरमधली ती चकती जरा पुढे सरकवा.” नाखुशीनेच त्याने ती 7.5 वरून 10 वर नेली. बंद पडणे थांबले. आठव्या दिवशी पंपघरातून जळका वास आला. गुंडाळी काळी पडली होती. दोन दिवस टँकर मागवावे लागले. रिवाइंडिंगचा खर्च निराळा.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने मला ती चकती म्हणजे काय ते समजावले. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेत प्रत्येक फेजसाठी एक, अशा तीन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी दोन भिन्न धातूंची. प्रवाहाने ती तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो व पट्टी वाकते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाकली की ती एक खटका ढकलते, काँटॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तुटतो आणि मोटर थांबते. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणूनच सुरू होताना काही क्षण सहापट प्रवाह घेणारी मोटर रिले चालू देतो. थोडासा पण सततचा अतिभार मात्र त्याच्या ध्यानी येतो.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 7.5 ऐवजी 9 अँपिअर म्हणजे प्रवाह 1.2 पट, उष्णता मात्र 1.44 पट. गुंडाळीचे तापमान दर 10 अंशांनी वाढले की तिच्या इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. आमच्या पंपाचे बेअरिंग झिजले होते. रिले तेच सांगत होता.

कॅश क्रेडिटचे खाते मर्यादेबाहेर एखादा दिवस गेले तर बँक समजून घेते. रोजच जाऊ लागले, तर माल, येणी, धंद्याची स्थिती तपासल्याशिवाय मर्यादा वाढवत नाही. माझ्या कारकिर्दीत मी अशा कित्येक मागण्या परत पाठवल्या. मोटरची मात्र चौकशीविना मंजूर केली.

दुकान, गोदाम वा सोसायटीत पंप असणाऱ्या वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शॉर्टसर्किटपासून रक्षण फ्यूज किंवा एमसीबी करते, ते रिलेचे काम नव्हे. तसेच टाकी कोरडी पडून सेंट्रिफ्यूगल पंप रिकामा फिरू लागला तर प्रवाह उलट कमी होतो, म्हणून रिले गप्पच राहतो. त्यासाठी पाण्याची पातळी पाहून मोटर बंद करणारे उपकरण वेगळे बसवावे लागते. आम्ही ते आता बसवले आहे.

चकती आज पुन्हा 7.5 वर आहे. वायरमन दरमहा प्रवाह मोजून वहीत नोंदवतो आणि त्या नोंदीखाली मी सही करतो. मोटर आपोआप थांबली, तर पहारेकरी पुन्हा बटण दाबत नाही. आधी मला कळवतो.