फुगवटा

दापोडीत पवना मुळेला मिळते. आमच्या शेडपासून तो संगम पायी दहा मिनिटांवर. मावळात चार दिवस पाऊस लागून राहिला, धरणातून पाणी सोडलं, की लहानपणी बाबा मला तिथं घेऊन जायचे. मुळा भरून चाललेली असली की पवनेचं पाणी संगमाशी येऊन थबकायचं, काठावर चढायचं, आणि जलपर्णीची एखादी हिरवी चटई चक्क उलटी, वरच्या अंगाला सरकताना दिसायची. “याला फुगवटा म्हणतात,” बाबा सांगायचे. “पवनेला वाट नाही असं नाही. वाट मोकळी आहे, पण पुढच्या पाण्याचा जोर जास्त आहे.”

यंदा तुकोबांची पालखी दापोडीवरून पुण्याकडे गेली त्या आठवड्यात हे बोलणं मला पुन्हा आठवलं. टेबलावर दोन कॅमशाफ्टची कार्डं शेजारी शेजारी पडली होती आणि त्यातलं एक निवडायचं होतं.

मी इंजिनाच्या हेडचं काम करते. सीट कापायच्या, व्हॉल्व्ह घासायचे, गाइड बदलायचे, टायमिंग बसवायचं. बाबांनी उभी हयात कॅम ग्राइंडिंगवर काढली. या पट्ट्यात लोखंडाशी नातं नसलेलं घर मिळणं अवघड. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा इथलीच, जिथं उघड्या चॅसीवर लाल गाडीचं अंग चढतं. हमरस्त्यावर सँडविक, अॅटलास कॉप्को, अल्फा लाव्हल ही स्वीडनची नावं दापोडीकरांच्या तोंडी गावच्या आडनावांसारखी बसलेली. पुढं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि थेट चाकण. शिफ्टच्या वेळांवर घरचा स्वयंपाक ठरायचा. बाबा थर्ड शिफ्टहून आले की त्यांच्या शर्टाला कूलंटचा वास असायचा. तो वास अजूनही मला घरचा वाटतो.

गाडी होती ऑक्टाव्हिया आरएस. 2004 साली ती आपल्याकडे आली, तेव्हाच्या औरंगाबादच्या स्कोडा कारखान्यात जुळवलेली. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस ताकद, आणि दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह: तीन हवा आत घेणारे, दोन धूर बाहेर सोडणारे. चार सिलिंडरांचे मिळून वीस. मालक चाकणला नोकरी करणारा तरुण मुलगा. कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनासारखे फेरफार करून गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून ही गाडी त्यानं फक्त ट्रॅकसाठी ठेवली होती. ट्रेलरवर चढून जाते, तिथंच पळते, ट्रेलरवरूनच परत येते. कॅम बाहेरून मागवायचे होते. बेल्जियमची कॅट कॅम्स, जर्मनीची श्रिक, ही नावं तो देवळातल्या देवांसारखी घेत होता. “ताई, यातला मोठा घालू ना?” त्यानं विचारलं.

मोठा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. कॅमशाफ्ट म्हणजे एक दांडा आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे लोब. अंड्याचं निमुळतं टोक फिरत खाली आलं की ते व्हॉल्व्हला ढकलून उघडतं, टोक पुढं सरकलं की स्प्रिंग व्हॉल्व्हला मिटवते. व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडला ती लिफ्ट. क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहिला ती ड्युरेशन. आणि धुराचा व्हॉल्व्ह अजून मिटायचा आहे तोवर हवेचा उघडायला लागतो, त्या दोघांच्या एकत्र उघडं राहण्याला म्हणतात ओव्हरलॅप. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. तबल्याच्या भाषेत क्रँक दुगुनीत चालतो आणि कॅम ठाय लयीत, पण सम दोघांची एकच. इंजिन 6,000 आरपीएमवर फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि 50 वेळा मिटतो. ड्युरेशन 240 अंशांची असेल, तर उघडण्यापासून मिटण्यापर्यंतचा सगळा संसार एका सेकंदाच्या दीडशेव्या भागात आटोपतो.

टर्बो नसलेल्या शर्यतीच्या इंजिनात लांब ड्युरेशनला आणि भरघोस ओव्हरलॅपला अर्थ असतो. बाहेर धावणारा धूर आपल्यामागं नव्या हवेला ओढून घेतो. अशा इंजिनांच्या कहाण्या ऐकूनच मोठ्या कॅमची भूल पडते. टर्बोच्या इंजिनात मात्र धुराच्या वाटेवर एक बंधारा आहे. टर्बाइनचं चाक फिरवूनच धुराला पुढं जाता येतं, आणि त्या फिरण्यावर हवा दाबणारं दुसरं चाक चालतं. टर्बो लहान असला तर तो लवकर जागा होतो, पण वरच्या आरपीएमला त्याच्या तोंडाशी धूर तुंबतो. आतल्या हवेला आपण दाब दिलेला असतो खरा, पण बाहेर तुंबलेल्या धुराचा दाब त्याहून जास्त. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहिले तर धूर सिलिंडरात परततो, तिथून हवेच्या वाटेत शिरतो. जलपर्णी उलटी सरकते.

मला फुगवटा आठवला तो इथं. त्या मुलाला मी म्हटलं, “कार्ड नंतर वाचू. आधी पूर बघून येऊ.”

आम्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, टर्बोच्या अलीकडे, एक तांब्याची नळी जोडली. धग गेजपर्यंत पोचू नये म्हणून नळीचं लांब वेटोळं केलं, शेवटाला दाबाचा गेज लावला. दुसरा गेज हवेच्या बाजूला. पुढच्या फेरीत ट्रॅकवर त्यानं दोन्ही आकडे टिपून आणले. हवेचा दाब 1.2 बार होता तेव्हा धुराचा 2 बारच्या वर गेला होता. मोठा टर्बो असता, धुराची वाट ऐसपैस असती, आणि हवेचा दाब धुरापेक्षा वरचढ राहिला असता, तर हाच ओव्हरलॅप कामाला आला असता. नव्या हवेनं सिलिंडरचा कानाकोपरा धुऊन काढला असता. मोठा कॅम वाईट नसतो. तो दुसऱ्या नदीचा असतो.

संध्याकाळी बाबा शेडमध्ये आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोन्ही कार्डं हातात घेतली. एक 250 अंशांच्या आसपासचा, दुसरा 270 च्या पलीकडचा. “अगं, आधी बघ, मोजलंय कुठून?” ते म्हणाले. मी बघितलं. एकावर व्हॉल्व्ह 0.1 मिलिमीटर उचलल्यापासून मोजलं होतं, दुसऱ्यावर 1 मिलिमीटरपासून. या एवढ्याशा फरकानं एकाच लोबच्या आकड्यात तीस-चाळीस अंशांचं अंतर पडू शकतं. म्हणजे आमच्या मनातली दोन कॅमांची तुलना मुळातच चुकीची होती. एकाच मापावर आणल्यावर दुसरा कॅम आणखीच दांडगा निघाला.

“आणि हा हवेचा व्हॉल्व्ह मिटतो कधी ते बघ,” बाबांनी बोट ठेवलं. पिस्टन वर निघाल्यावरही व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर खालच्या आरपीएमला आत घेतलेली हवा आल्या वाटेनं परत ढकलली जाते. वर, वेग असताना, तीच उशिरानं मिटणारी फट जास्त हवा भरून घेते. पण हा मुलगा ज्या ट्रॅकवर जायचा तिथं वळणं आवळ होती आणि दर वळणातून तो 3,000 च्या आसपास बाहेर पडायचा. तिथं हवा कमी भरली तर धूर दुबळा, धूर दुबळा तर टर्बो उशिरा जागा, आणि टर्बो जागा होईतो पुढचं वळण आलेलं. बाबांनी त्याला विचारलं, “बाळा, गाडी जास्तीत जास्त वेळ कुठल्या आरपीएमला असते?” त्यानं वही उघडली, बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाला, “काका, साडेतीन ते सहा.” “मग तिथलाच कॅम घे,” बाबा म्हणाले.

घरखर्चासारखीच ही निवड. वर्षातून एकदा येणाऱ्या सणासाठी पातेली घ्यायची, की रोज चूल पेटते तिच्यासाठी?

स्प्रिंगांचा विषय निघाला तेव्हा मी खडूनं फळीवर हिशेब मांडला. 27 मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हच्या पाठीवर 1 बार दाबाची हवा जवळपास 6 किलोचा रेटा देते, आणि तोही व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेनं. शिवाय आरपीएम दुप्पट झाला की व्हॉल्व्हला आवरायला लागणारा जोर चौपट होतो. स्प्रिंग कमी पडली तर व्हॉल्व्ह लोबची साथ सोडून तरंगतो, सीटवर आपटतो, पिस्टनला भिडूही शकतो. म्हणून नव्या लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, पिस्टनवर क्ले ठेवून इंजिन हातानं फिरवल्यावर मधे पुरेशी जागा उरते ना, हे सारं आधी मोजायचं. कॅम एकटा विकत घेता येत नाही. त्याचं गणगोतही घरात येतं.

जुनाच लोब घासून आकार बदलून घ्यायचा स्वस्त मार्ग त्या मुलाला कुणीतरी सुचवला होता. बाबांनी मान हलवली. सोलापूरला 1992 साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आज जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तिथल्या चिल्ड कास्ट आयर्नची गोष्ट त्यांनी त्याला सांगितली. साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात, ते वितळल्या धातूची धग झटकन शोषून घेतात. लोबचा वरचा थर थंड होऊन पांढरा, कडक बनतो आणि दांड्याचा गाभा मऊ राहतो. “मूळ कॅम आधी कशाचा आहे ते कळायला हवं,” ते म्हणाले. “कडकपणा त्या थरात असतो. घासत गेलास तर वर काय उरेल?”

अखेर लहान कॅम आला. हेड उतरवलं होतंच. पुढच्या बाजूला टायमिंग बेल्ट धुराचा कॅम फिरवतो आणि मागच्या बाजूची छोटी चेन त्याच्याकडून हवेच्या कॅमला फिरवते. दोन्ही कॅमांच्या खुणांमध्ये चेनचे 16 रोलर यायला हवेत. मी तीनदा मोजले. मग बाबांनी डायल गेज लावला. एका हातानं ते क्रँक फिरवत होते आणि काट्याकडे बघत होते. माझं लक्ष उघडण्याकडे होतं, त्यांचं मिटण्याकडे. शेवटच्या काही अंशांत काटा सावकाश, जवळजवळ नाइलाजानं शून्यावर येत होता. त्या उताराला रॅम्प म्हणतात. व्हॉल्व्ह सीटवर आदळू नये, टेकावा, एवढ्यासाठी ग्राइंडरवाला तिथं मायक्रॉनांशी झगडतो. “आमची निम्मी शिफ्ट या उतारात जायची,” बाबा म्हणाले. “गाडी चालवणाऱ्याला याचा पत्ता नसतो. नसावाच.”

नवा कॅम पहिल्यांदा चालवताना त्याला नुसत्या आयडलवर सोडायचं नाही. 2,000 च्या वर, आरपीएम थोडा कमीजास्त करत, वीस मिनिटं. तेवढ्यात लोब आणि टॅपेट एकमेकांची चाल ओळखून घेतात, त्यांच्यात तेलाचा थर बसतो. ती वीस मिनिटं आम्ही तिघं इंजिनाभोवती उभे राहिलो. कुणी बोललं नाही. बाहेर पाऊस लागला होता. लोकल पुलावरून गेली तेव्हा पत्रा थरथरला, पण बाबांचा तळहात हेडच्या कव्हरवरून हलला नाही. वीस मिनिटांनी त्यांनी मान डोलावली आणि त्या मुलानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

महिनाभरानं त्यानं वही आणून दाखवली. वरच्या टोकाला ताकद थोडीशीच वाढली होती. पण वळणातून बाहेर पडताना गाडी आता वाट बघत नव्हती, आणि फेरीची वेळ कमी झाली होती. त्यानं मोठ्या कॅमचं कार्ड अजून जपून ठेवलं होतं. “कधी मोठा टर्बो लावला तर,” तो म्हणाला. बाबांना ते आवडलं.

त्या संध्याकाळी बाबांना घेऊन मी संगमावर गेले. त्यांना आता हळू चालावं लागतं, दहा मिनिटांची वीस झाली. मुळेचा पूर ओसरला होता. काठावर पाणी चढलं होतं तिथवर गाळाची ओली रेघ राहिली होती. पवना तिच्या खालून, कुठं न अडता, वाहत होती. बाबा कठड्याला टेकून त्या रेघेकडे बघत राहिले, डायलच्या काट्याकडे बघावं तसे.