आडुतुरैच्या वाटेवर आगीच्या खुणा

कुंभकोणम सोडून मयिलाडुतुरैकडे निघालेली पॅसेंजर आधी तिरुविडैमरुदूरला थांबते आणि मग आडुतुरैला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पाटाचं पाणी, बांधावर नारळ. तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांना आडुतुरै ठाऊक आहे ते 1922 साली सुरू झालेल्या भात संशोधन केंद्रामुळे. इथली ‘एडीटी’ वाणं कावेरीच्या खोऱ्यात सर्वदूर पोचली आहेत. माझं येणं मात्र आगीसाठी होतं. माणसाने आग केव्हा हाती घेतली, या प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. आडुतुरैच्या परिसरात आग शेतात आहे, देवळात आहे आणि कारागिराच्या भट्टीतही आहे. जमिनीवर आगीची खूण कशी उमटते, ते इथे समोर पाहता येतं.

स्टेशनाबाहेर रिक्षा केली आणि कंजनूरची वाट धरली. कापणी झालेल्या एका खाचरात धसकटं पेटवली होती. जाळ वाऱ्याबरोबर सरसर पुढे गेला आणि काही मिनिटांत विझलाही. जमीन निवल्यावर मी काडीने माती उकरली. वर काळ्या राखेचा पातळ पापुद्रा होता, खालची माती जशीच्या तशी करडी. कोकणात राब भाजतात तिथे पालापाचोळा आणि शेण दाट रचलेलं असतं, आच जास्त वेळ टिकते. इथे ती नुसती वरून धावून गेली होती. वीज पडून गवताळ रान पेटलं तरी असाच पापुद्रा उरतो. म्हणून नुसता कोळसा सापडला, की तिथे माणसाने शेकोटी केली असं म्हणता येत नाही.

कंजनूरचं देऊळ नवग्रहांच्या यात्रेत शुक्राचं म्हणून गाजतं, पण गाभाऱ्यातला शिव अग्नीश्वर आहे. अग्नीने इथे त्याची आराधना केली, अशी स्थलकथा आहे. सूर्याचं देऊळ, सूरियनार कोविल, इथून जवळच. परतताना तिरुविडैमरुदूरला उतरलो. तिथल्या महालिंगस्वामींच्या देवळात तंजावरच्या मराठी राजघराण्यातल्या अम्मुनू अम्मणीची पितळी मूर्ती आहे. एकोणिसाव्या शतकात नवस फेडताना तिने स्वतःलाच हाती दिवा धरलेल्या रूपात देवापुढे उभं केलं. आपल्या भाषेच्या घरातली एक बाई परमुलखात ज्योत सांभाळत उभी आहे, हे पाहून मी तिच्यासमोर हात जोडले.

या प्रवासातला खरा धडा मिळाला कुंभकोणमच्या पश्चिमेला, स्वामिमलैत. चोळांच्या काळापासून चालत आलेली पंचधातूच्या मूर्तींची ओतकामाची विद्या इथले स्थपती आजही जपतात. मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीकाठच्या बारीक गाळमातीचे लेप चढवायचे, साचा गोवऱ्यांच्या आचेत भाजायचा, मेण वाहून गेलं की पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. मूर्ती निवल्यावर साचा फोडतात. मी त्याचे तुकडे हातात घेऊन पाहिले. करडी माती तांबूस आणि टणक झाली होती. मातीतलं लोह काहीशे अंशांची आच बराच वेळ सोसतं, तेव्हा हा रंग येतो. भट्टीखालची जमीनही खोलवर भाजून लाल झालेली. एकाच जागी पुन्हा पुन्हा पेटलेली आग अशी ओळखू येते, आणि पुरातत्त्वज्ञ नेमकं हेच शोधत असतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत तोंडापासून 30 मीटर आत गवतापाल्याची राख आणि जळकी हाडं मिळाली. वणवा तिथवर पोचत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने आगीचा वापर दहा लाख वर्षांपर्यंत मागे नेला. इस्राएलमधल्या गेशेर बेनोत याकोव्ह इथे सुमारे 7,90,000 वर्षांपूर्वीचे भाजलेले गारगोटीचे तुकडे ठरावीक जागी एकवटलेले आढळले. चीनमधल्या झोउकोउदियनचे राखेचे थर मात्र 1998 च्या तपासणीत बव्हंशी पाण्याने आणलेला गाळ निघाले. इंग्लंडमधल्या बार्नम इथे सुमारे चार लाख वर्षांपूर्वीची भाजून लाल झालेली माती, आचेने तडकलेल्या हातकुऱ्हाडी आणि ठिणगी पाडणाऱ्या लोहमाक्षिकाचे दोन तुकडे मिळाल्याचं 2025 मध्ये जाहीर झालं. स्वामिमलैचा तो तांबूस तुकडा आठवला, की बार्नमची लाल माती मला डोळ्यांपुढे दिसते.

आडुतुरैच्या मातीत इतकी जुनी शेकोटी मिळण्याची आशा धरू नये. नदी इथे गाळावर गाळ घालत आली आहे. चेन्नईजवळच्या अत्तिरम्पाक्कमला पंधरा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळाली, पण हत्यार म्हणजे चूल नव्हे. नदीकाठच्या उघड्यावरची राख पावसाळे धुऊन नेतात; गुहेत ती टिकते. आंध्रातल्या कर्नूलच्या मुच्चट्ल चिंतामानू गवी या गुहेत एम. एल. के. मूर्ती यांना अश्मयुगीन चूल सापडली. तिच्या भाजलेल्या मातीचं वय सुमारे 17,000 वर्षं ठरलं, आणि ती हकीकत 1983 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बुलेटिनमध्ये छापून आली. कावेरीच्या मुलखात निघालेला माझा शोध असा फिरून पुण्याशी येऊन मिळाला.

डेक्कन कॉलेजच्याच के. पद्दय्या यांनी शोरापूर तालुक्यातल्या बुदिहाळचा राखेचा ढिगारा खणला. नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी जाळलेल्या शेणाची ती राख. कर्नाटक-आंध्रातले असे कित्येक ढिगारे लोकांनी खत म्हणून गाड्या भरभरून नेले. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. विहीर किंवा घराचा पाया खणताना लाल भाजलेल्या मातीवर राखेचा थर दिसला, तर फावडं थांबवा, काहीही न हलवता फोटो घ्या आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. आगीचा पुरावा जागेला बांधलेला असतो; जागा मोडली की पुरावाही संपतो.