जागा वाचली, पण कुठे?

जुना डेटा काढल्यावर किती जागा वाचली, याचा मी कळवलेला पहिला आकडा म्हणजे निव्वळ गुणाकार होता: काढलेल्या ओळी गुणिले एका ओळीचा सरासरी आकार. 'ऑडिट लॉगची एक तृतीयांश जागा वाचली' असा मेल मी मॅनेजरना पाठवला, त्यांनी तो वर पाठवला आणि नव्या डिस्कची मागणी रद्द झाली. दुपारी सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन आला. "अहो, डिस्क कालच्यापेक्षा जास्त भरलीय. तुम्ही नक्की काय काढलंत?"

डेटाबेस पोस्टग्रेसचा होता. त्यात डिलीट केलेली ओळ फाइलमधून लगेच जात नाही; आधीपासून चालू असलेल्या एखाद्या व्यवहाराला ती अजून दिसायला हवी असते, म्हणून तिच्यावर फक्त खूण होते. पुढे व्हॅक्यूम, म्हणजे डेटाबेसची साफसफाई, चालला की ती जागा मोकळी होते, पण त्याच टेबलाच्या नव्या ओळींसाठी. प्रवासी उतरले म्हणून एसटी आखूड होत नाही. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही, ज्युनियर मुलांना मीच तर शिकवायचो! फाइलच्या शेवटची पानं पूर्ण रिकामी झाली तर व्हॅक्यूम तेवढी कापून डिस्कला परत देतो, हा आधारही मी मनात धरला होता. पण आम्ही काढल्या जुन्या ओळी, आणि त्या होत्या फाइलच्या सुरुवातीला. शेवटी ताजा डेटा ठाण मांडून बसलेला.

डिस्क उलट वाढली त्याचं कारण आणखी लाजिरवाणं होतं. काढलेल्या ओळी जपून ठेवण्यासाठी अर्काइव्हचं टेबल मी त्याच डेटाबेसमध्ये केलं होतं, फक्त स्कीमा वेगळा. म्हणजे मूळ फाइल होती तेवढीच, वर काढलेल्या ओळींची प्रत, आणि या सगळ्या उलाढालीची वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनिशीत, झालेली नोंद निराळीच.

इथे थांबून खरं सांगायला हवं होतं. मी मात्र रात्री गुपचूप व्हॅक्यूम फुल लावला. तो टेबल नव्यानं लिहून काढतो, आणि ते पूर्ण होईपर्यंत जुनी फाइल तशीच राहते. तेवढी मोकळी जागा आहे का हे मी पाहिलं होतं, पण पीजी_रिलेशन_साइझ या फंक्शननं. त्यात इंडेक्स धरत नाहीत आणि टोस्टही नाही. साधारण दोन केबीच्या वर गेलेल्या ओळींमधला लांबलचक मजकूर टोस्टमध्ये जातो, आणि आमच्या ऑडिटमध्ये तर सगळा भार त्याचाच! वॉल त्याच डिस्कवर. ती तुडुंब भरली आणि डेटाबेस बंद पडला. सकाळी कामावर आलेल्यांना लॉगिनच होईना.

निस्तरणं त्या मानानं सोपं गेलं. डिस्क तात्पुरती वाढवून डेटाबेस उठवला, अर्काइव्ह दुसऱ्या सर्व्हरवर नेलं, इथली प्रत ड्रॉप केली. ड्रॉपमध्ये फाइलच जाते, त्यामुळे ती जागा खरोखर परत आली. मूळ टेबलाला हात लावला नाही. पुढचे काही महिने त्याची फाइल वाढलीच नाही, नव्या ओळी पोकळ्यांमध्ये बसत गेल्या. वाचलेली जागा दिसली ती अशी, न झालेल्या वाढीत. पण कामाआधीच्या आठवड्यांत ते टेबल किती वाढत होतं, याची नोंद मी ठेवलीच नव्हती. मग तुलना कशाशी करणार? गंमत म्हणजे अर्काइव्ह हलवल्यावर रोजच्या बॅकअपचा पीजी_डंप पहिल्याच रात्री घटला होता, कारण त्यात जिवंत ओळीच जातात. बॅकअपवाले मात्र खूश होते.

आता काम सुरू करण्याआधी पीजी_टोटल_रिलेशन_साइझ, पूर्ण डेटाबेसचा आकार आणि डिस्कची भरलेली जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडचा आकडा असे तिन्ही लिहून ठेवतो. ऑडिटसाठी महिनावार पार्टिशन करायचं ठरलंय, म्हणजे जुना महिना ड्रॉप केला की विषय मिटला. पण साध्या टेबलाचे असे महिन्यांचे तुकडे जागच्या जागी होत नाहीत. नवं टेबल बांधून डेटा त्यात हलवावा लागतो, आणि त्याला पुन्हा जागा लागते. ती या वेळी आधी मागितली आहे, इंडेक्स आणि टोस्ट धरून.