कांद्याच्या वाफ्यात यान उतरतं तेव्हा...

मित्रांनो, तुम्ही कधी दुसऱ्या ग्रहावर जाऊन आलात का? नाही ना? मग चला माझ्याबरोबर. तिकीट एसटीचं, शिदोरीत भाकरी-ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या. यान सुटणार नगरच्या माळीवाडा स्टँडवरून, सकाळी सात वाजता. (2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडात मात्र अजून 'नगर'च बसलंय.)

पण आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. आम्ही म्हणजे पाचवी ते दहावीतली अकरा मुलं-मुली आणि एक मी, सगळ्यांचा काका. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एका गच्चीवर जमतो आणि विज्ञानकथा वाचतो. मंडळाला नाव नाही. दोन वर्षं भांडण चाललंय, पण नाव काही ठरत नाही. आमच्याकडे एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे, जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' आहे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आहेत. पुस्तक नेलं की वहीत सही करायची, पान दुमडलं तर दंड म्हणून पुढच्या बैठकीला सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की आणायची. शिवाय आमचा एक हस्तलिखित अंक निघतो. आतापर्यंत दोन निघाले. तिसरा अडला. का अडला, तीच तर आजची गोष्ट आहे.

झालं असं. नोव्हेंबरच्या बैठकीत सातवीतल्या एका मुलीनं आपली कथा वाचली. ती मूळची पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली, शिकायला नगरला मामाकडे राहते. तिच्या कथेत भविष्यातून एक यान येतं आणि तिच्या आजीच्या कांद्याच्या वाफ्यात उतरतं. एवढं ऐकलं आणि आमचा दहावीतला दादा म्हणाला, "अगं, यानं न्यूयॉर्कला उतरतात. तुझ्या कांद्याच्या वाफ्यात कोण कशाला उतरेल?" सगळे खो खो हसले. खरं सांगू? मीही हसलो. तिनं वही मिटली. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही.

घरी गेल्यावर मला ते हसणं सलत राहिलं. वाटलं, आपण चुकलो. मग मी तिच्या मामांना भेटलो आणि म्हटलं, "जानेवारीची बैठक तुमच्या भाचीच्या तालुक्यात घेऊ. तीच आमची वाटाड्या."

म्हणून ही सहल. नगरहून पुण्याच्या रस्त्यानं सुपं, तिथून वळून पारनेर, आणि पुढे निघोज. दोन्ही बाजूंना पाऊस कमी पडणारा माळ. मध्येच हिरवी ज्वारी, कांद्याचे वाफे, पुन्हा उघडा खडक. आमची वाटाडी खिडकीशी गप्प बसून होती. दादाही गप्प होता.

निघोज गावापासून थोडं पुढे गेलं की कुकडी नदी लागते. अलीकडे आपला नगर जिल्हा, पलीकडच्या काठावर पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी. काठावर मळगंगा देवीचं देऊळ. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. पण देवळाशेजारून खाली नदीच्या पात्रात पाहिलं आणि आमच्या पाचवीतल्या छोट्यानं हाकच मारली, "काका, चंद्र!"

खरंच हो! पात्र म्हणजे वाळू-गोटे असं नाहीच मुळी. सगळा काळा खडक, आणि त्यात खळगेच खळगे. कुणी परातीएवढे, कुणी विहिरीसारखे खोल. काही एकमेकांत शिरलेले. कडा अशा गुळगुळीत, की कुंभारानं हात फिरवावा. आकार अगदी पाण्याच्या रांजणासारखा, म्हणून त्यांना 'रांजणखळगे' म्हणतात. गावची माणसं नुसतं 'कुंड' म्हणतात. (एक सूचना. तिथं गेलात तर काठावर वाकून पाहू नका. खडक निसरडा असतो आणि पाणी दिसतं त्याहून खोल. पावसाळ्यात तर उतरूच नका.)

तिथं बसून आम्ही बैठक सुरू केली. विषय: हे खळगे कोणी केले? प्रत्येकानं एक विज्ञानकथा सांगायची. एक जण म्हणाला, परग्रहावरच्या यानाचे पाय रुतले. दुसरी म्हणाली, इथं लेझरची चाचणी झाली. तिसरा म्हणाला, "उल्का पडल्या. बुलढाण्याच्या लोणारसारख्या."

आता आमच्या वहीत पहिल्या पानावर एक नियम लिहिलाय: कथेत एक अचाट कल्पना चालेल, पण बाकी सगळं विज्ञानाला धरून पाहिजे. त्यामुळे प्रत्येक कल्पनेची उलटतपासणी होते. लोणारला उल्का आदळली आणि एकच भलंमोठं, दीड किलोमीटरहून रुंद विवर झालं, हे खरं. पण इथले खळगे फक्त नदीच्या अरुंद पात्रातच का? वर माळावर एकही का नाही? आणि भिंती इतक्या गुळगुळीत कशा?

तेवढ्यात छोट्यानं एका कोरड्या, उथळ खळग्यातून एक गोटा काढला. गोल गरगरीत, लाडवासारखा. शेजारच्या खळग्यातही तसेच दोन. आमची वाटाडी दिवसभरात पहिल्यांदा बोलली. "काका, आजी ताक घुसळते ना, तशी नदी घुसळते. पाण्याचा भोवरा म्हणजे रवी. आणि हे गोटे त्या भोवऱ्याबरोबर फिरतात."

शाबास! गुन्हेगार हत्यारासकट सापडला. हा खडक म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि थिजला, त्यातून आपलं दख्खनचं पठार झालं. त्यावरून कुकडी वाहू लागली. खडकातल्या एखाद्या खाचेत पाणी गरगरू लागलं, त्यात दगड-वाळू अडकली, आणि दर पावसाळ्यात ती गोल गोल फिरून खडक कातू लागली. दगड झिजून संपला की पुढच्या पुरात नवा दगड येतो, काम पुढे चालू. असं हजारो वर्षं. यान नाही, लेझर नाही. नुसतं पाणी, दगड आणि वेळ.

"ही तर विज्ञानकथेपेक्षा भारी आहे," लेझरवाली म्हणाली.

मग मी आमच्या दादाकडे वळलो. म्हटलं, "आता तुझा प्रश्न घेऊ. यानं न्यूयॉर्कलाच उतरतात, हे तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "सिनेमात तसंच असतं." हे त्याचं बरोबरच होतं. पण सिनेमा सोडा, खरं काय घडलं ते ऐका.

भारतातून अवकाशाकडे पहिला अग्निबाण सुटला तो 21 नोव्हेंबर 1963 रोजी. कुठून? केरळातल्या थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावातून. तिथलं चर्च हेच शास्त्रज्ञांचं ऑफिस झालं. अग्निबाणाचे भाग तिथं सायकलवरून नेत. तो फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

थुंबा लांब वाटतं? मग जवळ या. ही कुकडी ज्या जुन्नर तालुक्यातून वाहत निघोजला येते, त्याच तालुक्यात नारायणगावजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथं शेतांच्या मधोमध जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे, जीएमआरटी. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्यांचा पसारा सुमारे पंचवीस किलोमीटर. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती बांधली गेली. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी फार क्षीण असतात. शहरातल्या यंत्रांच्या गोंगाटात त्या हरवून जातात. म्हणजे खेडं चालेल असं नाही, खेडंच पाहिजे होतं!

दादा म्हणाला, "म्हणजे परग्रहावरून निरोप आला तर तो आधी टोमॅटोच्या शेतात ऐकू येईल?" यावर सगळे हसले. या खेपेला आमची वाटाडीही हसली.

आणखी एक सांगतो. विज्ञानकथा वाचणाऱ्यांची मंडळं जगात फार जुनी. अमेरिकेत 1926 मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक निघालं. त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापत. पत्ते बघून वाचक एकमेकांना लिहू लागले, भेटू लागले, मंडळं झाली. 1939 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा माणसं जमली सुमारे दोनशे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या मंडळातला एक मुलगा स्वतःचं चिमुकलं मासिक काढत होता. चार अंक निघाले आणि बंद पडलं. तो मुलगा म्हणजे रे ब्रॅडबरी, पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक. तेव्हा आपला अंक अडला म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

आणि आपल्याकडे? मुंबईची मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते. 1974 साली त्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं 'कृष्णविवर' या कथेला. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण? कुणालाच ठाऊक नाही. नावाची आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. अहो, जयंत विष्णु नारळीकर! जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ. माझं नाव बघून नको, कथा बघून ठरवा, असं त्यांना वाटलं. अक्षर ओळखलं जाईल म्हणून त्यांनी कथा पत्नीच्या, मंगलाताईंच्या, अक्षरात लिहवून घेतली. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी ती लिहायला घेतली होती. (हे वाचून वर्गात कथा लिहू नका हं! सापडलात तर माझं नाव सांगू नका.) नारळीकर मे 2025 मध्ये गेले. सही मागणाऱ्या मुलांना ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करतो. म्हणजे सही हवी तर आधी प्रश्न हवा.

दुपारी आम्ही आमच्या वाटाडीच्या आजींकडे जेवलो. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. आजींनी विचारलं, "तुमचं मंडळ करतं तरी काय?" छोटा म्हणाला, "आजी, आम्ही विज्ञानाच्या गोष्टी लिहितो. पुढं काय काय होईल त्याच्या."

आजी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मंग बघा बरं तुमच्या पुढच्या काळात. कांदा चाळीत सडायचा थांबला का? आन् भाव मिळतो का?"

अकरा जण एकदम गप्प. मीही. एवढी कथा-कादंबऱ्यांची ट्रंक आमच्याकडे, पण हा प्रश्न तिच्यात कुणीच विचारलेला नव्हता. दादानं खिशातून पेन काढलं आणि वहीत प्रश्न उतरवून घेतला. मग तो वाटाडीला म्हणाला, "तुझं यान वाफ्यात नक्की कुठं उतरतं?"

ती म्हणाली, "वाफ्यात नाही आता. कांदे दडपतील. बांधापलीकडं पड रान आहे, तिथं उतरवते."

"इंजिनाच्या उष्णतेनं गवत पेटेल," तो म्हणाला.

"मग पावसाळ्यात उतरवते."

"चिखलात रुतेल."

"रुतू दे ना! म्हणून तर आजीची बैलजोडी लागते."

परतीच्या एसटीत दोघांचं हे भांडण सुप्यापर्यंत पुरलं. वाटेत कुणीच झोपलं नाही.

तर मित्रांनो, मंडळाचं वृत्त असं: तिसरा अंक फेब्रुवारीत निघेल. पहिली कथा कांद्याच्या वाफ्याजवळच्या यानाची, सुधारून लिहिलेली. दुसरी दादाची, चाळीत कांदा वर्षभर टिकवणाऱ्या यंत्राची. पण ते यंत्र अजून वहीतल्या नियमात बसत नाही, काम चालू आहे. फेब्रुवारीच्या शेवटी, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदची दुर्बीण बघायला शाळांची मुलं जातात, प्रयोगही मांडतात. आम्हीही जाणार. नावाचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.

तुमच्या गावात असं मंडळ आहे का? नसेल तर चार जण, एक ट्रंक आणि एक वही पुरे. आणि पहिली कथा लिहाल तेव्हा यान कुठं उतरवायचं, हे आधी घराबाहेर पडून, जागा बघून ठरवा. आमचे हसण्यात दोन महिने गेले, तुमचे जाऊ देऊ नका.