पुरावा जिथे संपतो

पुणे

चि. मनू,


प्राचीन जर्मानिक लोकांच्या दैवतांवर संशोधन करायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कुणापासून करू, असं विचारलंस. याकोब ग्रिमपासून कर. ग्रिम बंधू म्हटलं की आपल्याला परीकथाच आठवतात. पण थोरल्या याकोबचं आयुष्य गेलं ते जर्मानिक भाषा, कायदे आणि धर्म यांच्या अभ्यासात.

१७८५ साली हानाऊत जन्मलेला याकोब मारबुर्गला कायदा शिकायला गेला. कायदा समजून घ्यायचा तर त्याचा इतिहास शोधायला हवा, हे तिथे त्याला साविन्यी या गुरूने शिकवलं. हीच दृष्टी त्याने भाषेला लावली. संस्कृतातल्या ‘पाद’च्या जागी गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘फोटुस’ येतो: ‘प’च्या जागी ‘फ’, ‘द’च्या जागी ‘ट’. असे बदल योगायोगाने होत नाहीत, त्यांना नियम असतो, हे त्याने १८२२ मध्ये आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत सविस्तर मांडलं. डेन्मार्कच्या रास्क या भाषाभ्यासकाने त्याआधीच ही साम्यं टिपली होती. पण पूर्ण मांडणी ग्रिमची.

१८२८ मध्ये जुन्या जर्मन कायद्यांवरचा त्याचा ग्रंथ आला. पुढे त्याने गावोगावचे रिवाज छापायला घेतले. गावसभेत जाणत्यांनी तोंडी सांगितलेले आणि नंतर लिहून ठेवलेले हे रिवाज म्हणजे गावकऱ्यांचा इतिहास. तो त्याने राजांच्या फर्मानांइतकाच मोलाचा मानला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुझ्या विषयाचा पायाच असलेला त्याचा ‘जर्मन पुराणकथा’ हा ग्रंथ १८३५ चा. तिथे मात्र सावध राहा. ख्रिस्ती होण्यापूर्वी या लोकांनी आपल्या देवांविषयी स्वतः फारच थोडं लिहिलं. इ. स. ९८ मध्ये त्यांच्याविषयी लिहिणारा टॅसिटस रोमन होता. देवांच्या कथा सांगणाऱ्या एड्डा लिहिल्या गेल्या त्या तेराव्या शतकात, ख्रिस्ती आइसलंडमध्ये. मधली पोकळी ग्रिमने लोककथा, समजुती आणि सणांच्या नावांनी भरली. आठव्या शतकातल्या बीड या इंग्लिश भिक्षूने एऑस्त्रे देवीचा एक उल्लेख केला आहे. तेवढ्यावर आणि ईस्टरच्या जर्मन नावावर ग्रिमने ‘ओस्टारा’ ही देवी उभी केली. आज लोक तिच्याविषयी अगदी खात्रीने बोलतात. आधार मात्र तेवढाच तोकडा.

म्हणून त्याला अप्रामाणिक म्हणू नकोस. १८३७ मध्ये हॅनोवरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा याकोब धरून ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. घटनेची शपथ आम्ही घेतली आहे, ती मोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सातही जणांची नोकरी गेली. याकोबसह तिघांना तीन दिवसांत राज्य सोडावं लागलं. पुढे दोघा भावांनी जर्मन शब्दकोश हाती घेतला. ‘फ्रुख्ट’ या शब्दापर्यंत पोचून १८६३ मध्ये याकोब वारला. कोशाचा शेवटचा भाग १९६१ मध्ये निघाला.

इतक्या सच्च्या, इतक्या कष्टाळू माणसाच्या हातूनही पुरावा ताणला गेला, कारण आपल्या लोकांचा भूतकाळ अखंड असावा अशी त्याला ओढ होती. याच ओढीतून १८४८ मध्ये त्याने डेन्मार्कच्या जटलंडवरही जर्मनांचा हक्क सांगितला. विसाव्या शतकात नाझींनी ‘प्राचीन जर्मन’ या कल्पनेचं काय केलं, ते तू जाणतेसच. त्या अपराधाचं ओझं ग्रिमवर टाकणं अन्यायाचं होईल. पण तुझ्या विषयात सैल लिहिण्याची मुभा आता कुणालाच नाही, हे त्या इतिहासाने ठरवून टाकलं आहे.

त्याचे कष्ट घे, त्याचं धैर्य घे, गावकऱ्यांच्या शब्दाला त्याने दिलेला मान घे. पण प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिही. आणि आधार संपला की तसं स्पष्ट लिहून तिथेच थांब.

तुझी,
मावशी