पिवळी पुस्तिका आणि पांढरी मच्छरदाणी

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपल्याकडची रीत. आमची कन्या युगांडातील कंपाला शहरी नोकरीला. तिला येणे शक्य नव्हते. तेव्हा २०१७ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेहून माहेरच तिच्याकडे निघाले. डिंक, अळीव, बाळंतशोपा यांची पुडकी बांधून झाली आणि मग कळले की, या सामानाआधी आणखी एक वस्तू लागते : पीतज्वराची लस टोचून घेतल्याची पिवळी पुस्तिका. तिच्यावाचून युगांडात प्रवेश नाही.

दंडावर देवीचे वण बाळगणारी आमची पिढी. टोचून घ्यायचे आणि विसरून जायचे, एवढेच आम्हांस ठाऊक. परंतु लसीकरण केंद्रातील डॉक्टरीणबाईंनी आमची वये ऐकली आणि लेखणी खाली ठेवली. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले. या लसीत क्षीण केलेला, तरी जिवंत विषाणू असतो. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यास गंभीर त्रास होणे विरळाच; पण तरुणांच्या मानाने हा धोका अधिक. अंड्याचे वावडे, चालू औषधे, जुनी दुखणी असे सारे विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, "जाणं खरोखरच आवश्यक आहे का?" आमच्यातील स्त्रीपक्ष उत्तरला, "बाई, लेक एकटी आहे हो तिथं." प्रवासाला दहा दिवसांहून अधिक अवकाश आहे, याची खात्री करून बाईंनी आम्हांस लस टोचली. दोन दिवस अंग कसकसले, इतकेच.

हा खटाटोप आमच्या रक्षणासाठी, अशी आमची समजूत. पण परतताना भारतातही तीच पुस्तिका दाखवावी लागते, नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते, हे ऐकून नवल वाटले. कारण मात्र सरळ आहे. पीतज्वर आपल्या देशात नाही. परंतु तो पसरविणारा एडिस डास येथे घरोघरी आहे. डेंगी पसरविणारा तोच. बाहेरून एक रुग्ण आला आणि येथल्या डासाला त्याचे रक्त मिळाले, तर पुढचे अनर्थ सांगावयास नकोत. हे आम्ही वाचले, मान डोलावली आणि विसरलो.

कंपालात नातू झाला. पीतज्वराची लस सामान्यतः नऊ महिन्यांनंतर देतात. हिवतापाची लस तर तेव्हा बाळांसाठीही प्रचारात नव्हती. पुढे २०२१ आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा दोन लसींची शिफारस केली. त्या हिवतापाच्या प्रदेशांतील बालकांसाठी आहेत, आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी नव्हेत. तेव्हा औषध लावलेली पांढरी मच्छरदाणी, हीच नातवाची लस. एडिस दिवसा चावतो, हिवतापाचा ॲनॉफिलिस तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. म्हणून बाळावरची मच्छरदाणी दिवसाही उतरत नसे. आम्ही बाह्यांचे कपडे घालीत होतो, हातापायांना मलम चोळीत होतो आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी रोज जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेत होतो. तेथील हिवताप क्लोरोक्विनला दाद देत नाही, म्हणून ही गोळी. तीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही.

चुकलो ते घरी आल्यावर. परतल्यानंतरही चार आठवडे गोळी घ्यावयाची होती. पाचव्या दिवशी आम्ही म्हणालो, "आता कसले आफ्रिकेचे डास!" आणि पाकीट कपाटात टाकले. डास मागे राहिले होते, ही गोष्ट खरी. परंतु त्यांनी दिलेला जंतू आधी यकृतात दडून वाढतो आणि नंतर रक्तात उतरतो. तो रक्तात उतरल्यावर ही गोळी त्याला गाठते. आम्ही पहारेकऱ्याला ऐन वेळी रजा दिली.

सोळाव्या दिवशी आमच्यातील पुरुषपक्षाला हुडहुडी भरून ताप आला. ऑगस्ट महिना, गावात डेंगीची साथ. जवळच्या डॉक्टरांनी त्या दिशेने तपासणी केली. प्रवासाविषयी आम्हीच अवाक्षर काढले नाही. तिसऱ्या रात्री कन्येचा फोन आला. तिने पहिलाच प्रश्न केला, "बाबा, युगांडाहून आल्याचं डॉक्टरांना सांगितलंत ना?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. तासाभरात रुग्णालय गाठले. रक्ताच्या काचेवर फाल्सिपारम हिवताप स्पष्ट दिसला. आणखी उशीर झाला असता तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकला असता, असे तेथील डॉक्टर म्हणाले. पाच दिवस तेथे काढून आम्ही घरी आलो.

त्या पाच दिवसांतील एक गोष्ट मनातून जात नाही. खाटेवर मच्छरदाणी लावावयास आलेल्या परिचारिकेला आम्ही म्हटले, "सिस्टर, आता हिचा काय उपयोग? चावायचा तो चावून गेला." ती म्हणाली, "ही तुमच्यासाठी नाही, आजोबा. शेजारच्या खाटांसाठी आहे." कंपालात ज्या जाळीने नातवाला डासांपासून राखले, तीच जाळी येथे साऱ्या खोलीला आमच्यापासून राखीत होती. विमानतळावरची पिवळी पुस्तिका आम्हांस त्या क्षणी उमगली.

वास्तविक आमच्या गावाला हे कुणी शिकवावयास नको होते. बेगमपेठेत ती जुनी वास्तू अजून उभी आहे. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी, हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डास माणसाला रोग देतो, एवढेच आपण त्या शोधातून लक्षात ठेवले. त्यांनी त्या दिवशी पाहिले ते उलट होते : माणसाकडून डासाकडे गेलेला जंतू.

२०१९ साली आम्ही पुन्हा कंपालास गेलो. पुस्तिका तीच चालली; २०१६ च्या जुलैपासून ती जन्मभर ग्राह्य धरतात. परतल्यावर मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री एक फुली मारली. अठ्ठावीस फुल्या झाल्या, तेव्हाच आमचा प्रवास संपला असे आम्ही मानले.