मिटलेलं झाकण

लॅपटॉपमधली सगळ्यात मोठी तडजोड त्याच्या बिजागरीत आहे. 1982 साली आलेल्या ग्रिड कंपास या संगणकात बिल मॉग्रिज यांनी स्क्रीन कीबोर्डवर मिटेल अशी घडी बसवली, आणि आज लॅपटॉप म्हटल्यावर जो आकार डोळ्यांसमोर येतो तो तिथे ठरला. ही घडी सोबत नेण्यासाठी उत्तमच होती. पण तिने हात टेकायची जागा आणि डोळ्यांनी पाहायची जागा वीतभर अंतरावर कायमची जखडून टाकली. टेबलाशी तासन्‌तास बसणाऱ्या शरीराची गरज वेगळी असते. कीबोर्ड कोपराच्या उंचीला हवा आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, साधारण हातभर लांब. लॅपटॉप खाली पुस्तकांची चळत ठेवून उंच केला तर मनगटं अवघडतात, टेबलावर ठेवला तर मान वाकते. दोन्ही गरजा एकदम भागतील अशी उंचीच त्याला सापडत नाही. म्हणून लोक वेगळा मॉनिटर आणतात, कीबोर्ड आणि माऊस जोडतात, आणि तिथेच थांबतात. लॅपटॉप तसाच उघडा, उजळलेला राहतो. माझं म्हणणं असं, की मॉनिटर जोडल्यावर लॅपटॉपची स्क्रीन बंद केली पाहिजे. ती चालू राहिली तर बिजागरीतून सुटलेली मान पुन्हा तिच्याकडेच ओढली जाते.

मानेचा हिशेब आधी पाहू. मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये संगणकीय प्रारूपावरून एक गणित मांडलं होतं. ताठ मानेवर डोक्याचा भार सुमारे 5 किलो पडतो, मान 15 अंश झुकली की तो 12 किलोंच्या आसपास जातो आणि 30 अंशांना 18 किलोंवर. हे आकडे प्रारूपातले आहेत, माणसांच्या मानेवर मोजलेले नाहीत. तरी दिशा पटते, कारण संध्याकाळी खांद्यांना तीच जाणवते. आता समोर मॉनिटर आणि बाजूला उघडा लॅपटॉप अशी मांडणी घ्या. मान आता झुकतेही आणि वळतेही. दोन स्क्रीनची उंची वेगळी, डोळ्यांपासूनचं अंतर वेगळं, आणि पांढरा रंगसुद्धा एक नसतो. एकीचा निळसर, दुसरीचा पिवळट. 1920 बाय 1080 ठिपक्यांच्या 14 इंची स्क्रीनवर एक ठिपका सुमारे 0.16 मिलिमीटरचा असतो, तेवढ्याच ठिपक्यांच्या 24 इंची मॉनिटरवर तो 0.28 मिलिमीटरचा होतो. मराठी मजकूर तपासणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो. अनुस्वाराचा ठिपका, रफाराचा आकडा, ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षर, ऱ्हस्व-दीर्घ उकार या सगळ्या गोष्टी मोजक्या ठिपक्यांवर उभ्या असतात. मजकुराची खिडकी इकडून तिकडे सरकवली की अक्षराचा आकार आणि धार बदलते, आणि चूक हेरायला सरावलेली नजर दर वेळी नव्याने बसवावी लागते. लॅपटॉपची स्क्रीन इथे जास्त रेखीव असते, हे मान्य. पण ती मानेच्या मोलावर मिळते. मॉनिटरवर अक्षर थोडं मोठं केलं की ही उणीव बरीचशी भरून निघते.

यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप असा, की हातात असलेली जागा का सोडायची? एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला भाषांतर, ही भाषांतरकाराची गरज खरीच आहे. पण फूटपट्टी घेऊन बघावं. 24 इंची मॉनिटर सुमारे 53 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर कागद 21 बाय 29.7 सेंटिमीटरचा. म्हणजे दोन पानं खऱ्या आकारात शेजारी शेजारी मावतात आणि बाजूला चार बोटं जागा उरते. 14 इंची स्क्रीनची उंची अवघी साडेसतरा सेंटिमीटर, तिथे एक उभं पानसुद्धा खऱ्या आकारात पुरतं दिसत नाही. बहुतेकांच्या टेबलावर या छोट्या स्क्रीनवर कामाचं पान नसतंच, तिथे उघडी असते मेलपेटी किंवा व्हॉट्सॲप. डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं की नजर तिकडे जातेच, आणि परत येईपर्यंत वाक्याचा धागा सुटलेला असतो. ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला एका स्क्रीनवर फळा आणि दुसरीवर मुलांचे चेहरे हवेत, त्याला मी हा आग्रह करणार नाही. लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, हिशेब करणाऱ्या माणसाला मात्र जरूर करेन.

बंद करायचं म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवं. झाकणाच्या कडेत एक छोटं चुंबक असतं. ते खालच्या भागातल्या संवेदकाजवळ आलं, की लॅपटॉप समजतो माणूस उठून गेला, आणि झोपी जातो. जोडलेल्या मॉनिटरसमोर माणूस बसलेला असू शकतो, हे त्याला सांगावं लागतं. विंडोजमध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नये’ असा पर्याय चार्जरसाठी आणि बॅटरीसाठी वेगवेगळा देता येतो. तो फक्त चार्जर लावलेला असतानाच द्यावा, नाहीतर लॅपटॉप पिशवीत जागाच राहतो आणि तापतो. उष्णतेचा आक्षेपही खराच आहे. काही लॅपटॉपची गरम हवा बिजागरीपाशी बाहेर पडते, काहींची उष्णता कीबोर्डमधूनही निघते. अशा लॅपटॉपचं झाकण उघडंच ठेवावं. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून फक्त दुसरी स्क्रीन निवडली, की उघड्या झाकणातली स्क्रीन विझते. कॅमेरा आणि बोटाचा ठसा घेणारी जागा त्यामुळे वापरात राहते. हाच मार्ग मला जास्त सोयीचा वाटतो.

उरतो पैसे मोजून घेतलेल्या स्क्रीनचा प्रश्न. ती विझवून ठेवणं म्हणजे उधळपट्टी, असं काटकसरी मनाला वाटणारच. पण हा वापर आजचा नाही. ॲपलने 1992 मध्ये आणलेला पॉवरबुक ड्युओ मिटलेल्या अवस्थेत व्हिडिओ कॅसेटसारखा डॉकमध्ये सरकवायचा आणि मोठ्या मॉनिटरवर काम करायचं, अशी सोय मुळातच होती. उलट बाजूचाही एक पुरावा आहे. 2024 मधल्या एम-थ्री मॅकबुक एअरला बाहेरचे दोन मॉनिटर चालतात, पण झाकण मिटलेलं असेल तरच. उघडी स्क्रीन, तिच्याकडे कुणी पाहो न पाहो, चित्र उमटवणाऱ्या यंत्रणेतला आपला वाटा घेते. शिवाय घरातला पाहुण्यांसाठीचा बिछाना रोज अंथरत नाही, म्हणून तो वाया जातो असं कुणी म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ही राखीव स्क्रीन कधी लागेल ते सांगायला नको. वीज जाते, मॉनिटर काळा पडतो, पंखा हळूहळू थांबतो. लॅपटॉप मात्र बॅटरीवर असतो, आणि झोपी गेला असला तरी झाकण उचलताच जागा होतो. छोट्या स्क्रीनवर तेच पान समोर येतं, अर्ध्यावर राहिलेल्या वाक्यापुढे कर्सर लुकलुकत असतो.